ताडपत्रीचे पडदे की लांब वळचण?

डुकरांची नवी शेड बांधायला निघालेले लोक हल्ली एकच विचारतात. पावसाळ्यासाठी बाजू ताडपत्रीच्या पडद्यांनी बंद करायच्या, की कमरेएवढी चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत घालून वर जाळी ठेवायची आणि पत्र्याची वळचण लांब काढायची? कुडाळकडे माझ्याकडे दोन्ही आहेत. आधी पडदे केले, मग वळचण.

पडदे स्वस्त पडतात, काम दिवसभराचं. उन्हाळ्यात गुंडाळले की शेड मोकळी. दूध तुटलेल्या पिल्लांना गार झोत सोसत नाही, तिथे पडद्याला तोड नाही.

माझं बिनसलं ते दोरीपाशी. सर आली की पडदा खाली, उघडीप झाली की वर. आपल्याकडच्या पावसात याला अंत नाही. आर्द्रा लागेपर्यंत गडी कंटाळतो, मीही कंटाळतो, आणि पडदा रात्रभर खालीच राहतो. सकाळी दार उघडलं की डोळ्यांना पाणी. आपण उभ्याने आत जातो नि दोन मिनिटांत बाहेर येतो. डुकराचं नाक मात्र मुताच्या ओलीपासून वीतभर, तेही रात्रभर. डोळ्यांना झोंबतो तो मुतातून उठणारा अमोनिया वायू; तो मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. मी त्यांच्यात उकिडवा बसून शंभर आकडे मोजायचो. पडद्यांच्या शेडमध्ये साठाच्या पुढे क्वचितच गेलो.

श्वासनलिकेतली बारीक लव घाण बाहेर ढकलत असते. अमोनिया तिला लुळी पाडतो आणि मायकोप्लाझ्मा या फुफ्फुसाच्या जंतूला रान मोकळं मिळतं. मग जनावरं उठवली की ती कोरडी ढास सुरू. मरत फारशी नाहीत, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. कोणीतरी सांगितलं म्हणून एक अख्खा पावसाळा मी पेनिसिलिन टोचण्यात घालवला. या जंतूला पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची भिंतच नसते आणि पेनिसिलिन घाव घालतं ते तिच्यावरच, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पैसे तोवर गेले होते.

दुसऱ्या शेडची वळचण चार फूट बाहेर आहे, आढ्याला फट ठेवून वर छोटी टोपी घातली आहे. कोंदट वाफ तिथून आपोआप निघून जाते. या शेडमध्ये शंभर मोजून होतात. ढास इथेही ऐकू येते, नाही असं नाही. रोज सकाळी मात्र नाही. आता गर्दीही कमी ठेवतो आणि विकत आणलेली जनावरं महिनाभर लांब बांधतो, त्याचाही वाटा असेल. सगळं श्रेय पत्र्याला देणं बरोबर नाही.

खर्च जास्त, हे खरं. वारा लांब वळचणीखाली शिरून पत्रा उचलतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात माझे दोन पत्रे माडाच्या बुंध्याशी सापडले. तेव्हापासून वळचणीला वेगळे खांब दिलेत. नैऋत्येची बाजू अजून फूटभर वाढवायला हवी होती, तिकडची झड कधीकधी आत येतेच.

पडदेच लावणार असाल तर खालची कड पक्की बांधा आणि पडदा वरून उघडेल असा करा. खालून गुंडाळलात की झोत थेट अंगावर येतो. माझे जुने पडदे आता विण्याच्या कप्प्याला लावलेत. तिथली दोरी दिवसातून दोनदाच ओढावी लागते.