रुग्णालयाच्या दारावरची पास-व्यवस्था : बारा दिवसांचा अनुभव

माझ्या वडिलांना जुलै महिन्यात खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी मध्य मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात बारा दिवस राहावे लागले. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिले तर त्याचा पहिला फटका ज्यांचा दोष नाही अशा दारावरच्या माणसांनाच बसेल, अशी मला भीती वाटते. शस्त्रक्रिया उत्तम झाली, डॉक्टरांनी प्रत्येक गोष्ट समजावून सांगितली आणि रात्रपाळीच्या सिस्टर हाक मारल्याबरोबर येत होत्या. त्या बाबतीत पाचपैकी पाच गुण द्यायला माझी काहीच हरकत नाही. मला लिहायचे आहे ते रुग्णालयाच्या दाराविषयी, म्हणजे पास, भेटीच्या वेळा आणि हे नियम सांभाळण्यासाठी तिथे उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकांविषयी. बारा दिवसांत डॉक्टर आपल्याला दिवसातून दहा मिनिटे भेटतात, रक्षक मात्र आठ-दहा वेळा भेटतो.

व्यवस्था अशी आहे. रुग्ण दाखल होताना दोनशे रुपये अनामत घेऊन दोन पास देतात. हिरवा पास सोबत राहणाऱ्या एका नातेवाइकासाठी आणि पिवळा पास दुपारी साडेचार ते सहा या वेळेत भेटायला येणाऱ्यांसाठी असतो. पिवळ्या पासावर एका वेळी एकच माणूस वर जाऊ शकतो. तो खाली आल्याशिवाय दुसऱ्याला सोडत नाहीत. अतिदक्षता विभागात सकाळी अकराला अर्धा तास, तोही एकेकालाच. बारा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, फुलांना नाही आणि घरच्या डब्याला आहारतज्ज्ञाच्या चिठ्ठीशिवाय नाही.

यातला एकही नियम मला गैर वाटत नाही, हे आधीच सांगते. शस्त्रक्रियेची जखम ओली असताना, शेजारच्या खाटेवर न्यूमोनियाचा रुग्ण असताना आणि लोकलच्या गर्दीतून आलेल्या आपल्या हातांनी आपण चादर सारखी करत असताना संसर्ग कुठून कुठे जाईल याचा भरवसा नसतो. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणे हा माणुसकीचा भाग मानतात आणि सहा माणसांनी मिळून जाणे हा प्रेमाचा. त्या प्रेमाला दारातच थांबवण्याचे काम कुणाला तरी करावे लागते. मुंबईतल्या पालिका आणि शासकीय रुग्णालयांत पासपद्धत कडक झाली तिच्यामागे आणखी एक कारण होते. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरवर जमावाने हल्ला केला, पाठोपाठ मुंबईतही डॉक्टरांना मारहाण झाली, राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचले. त्यानंतर जी आश्वासने दिली गेली त्यांत वाढीव सुरक्षारक्षक आणि रुग्णामागे मोजक्याच नातेवाइकांना प्रवेश, ही दोन प्रमुख होती. थोडक्यात, दारावरचा रक्षक हा आतल्या डॉक्टरला वाचवण्यासाठी उभा केलेला माणूस आहे.

आता चौथ्या दिवशीचा प्रसंग सांगते. वडिलांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, चिपळूणहून सकाळच्या एसटीने निघाले. माणगावच्या कोंडीत गाडी अडकली आणि साडेतीनला पोहोचणारे काका सहा वाजून दहा मिनिटांनी भिजलेल्या पिशवीसकट दारात उभे राहिले. वडील तेव्हा अतिदक्षता विभागातून नुकतेच बाहेर आले होते. मी पिवळा पास घेऊन खाली गेले, तर रक्षकाने हात आडवा केला. तो पस्तिशीचा असेल. निळा सदरा खांद्यावर पावसाने गडद झालेला होता आणि टेबलावरच्या नोंदवहीला सुतळीने बांधलेले पेन होते. तो म्हणाला, "काका, वेळ संपली. उद्या साडेचारला या." काकांनी अगदी शांतपणे विचारले, "अहो, पण दहा मिनिटांनी काय होतंय? मी उद्या सकाळच्या गाडीने परत जाणार आहे." त्यावर तो म्हणाला, "मला परवानगी नाही काका. वरून सांगितलंय."

"वरून सांगितलंय" हे उत्तर नव्हते. काकांनी नियमाचे कारण विचारले होते आणि रक्षकाकडे नियम तेवढा होता, कारण नव्हते. त्याने इंटरकॉम उचलून सुपरवायझरला दोनदा फोन लावला. कुणी घेतला नाही. त्याच वेळी बाजूच्या काचेच्या दारातून चार माणसे गळ्यात निळ्या फितीची ओळखपत्रे घालून, हातात फुलांचा मोठा गुच्छ घेऊन लिफ्टकडे गेली. रक्षकाने त्यांना अडवले नाही. मी त्याच्याकडे पाहिले तेव्हा त्याने मान खाली घातली आणि नोंदवहीचे पान उलटले. त्या उलटलेल्या पानावर काहीही लिहिलेले नव्हते.

त्यानंतर मी जे बोलले त्याची मला लाज वाटते. "पैसेवाल्यांना सलाम आणि आम्हाला नियम का?" असे मी मोठ्याने म्हणाले, मागच्या रांगेतल्या लोकांनी माना डोलावल्या आणि मला आणखी चेव आला. काकांनी माझा हात धरून मला बाजूला नेले. ते म्हणाले, "त्याच्यावर कशाला ओरडतेस? त्याला कुणी विचारून नियम केलाय का?" रात्री ते लालबागला आतेकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भावाला न भेटताच चिपळूणला परतले.

खरी गोष्ट मला सातव्या दिवशी कळली. बिलाच्या एका चौकशीसाठी मी पहिल्या मजल्यावरच्या रुग्ण-संपर्क कार्यालयात गेले असताना भिंतीवरच्या फाईलमध्ये अभ्यागतांच्या नियमांचा चार पानी कागद दिसला. त्यातल्या तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिले होते की बाहेरगावाहून आलेल्या जवळच्या नातेवाइकाला रात्री आठपर्यंत, ओळखपत्र दाखवून, ड्युटीवरच्या प्रशासकाच्या सहीने दहा मिनिटांचा खास पास मिळू शकतो. ही सोय आधीपासूनच होती. दारावरच्या फलकावर ती लिहिलेली नव्हती, दाखल होताना दिलेल्या पत्रकात नव्हती आणि मी खाली जाऊन त्या रक्षकाला विचारले तेव्हा कळले की त्यालाही ती कुणी सांगितलेली नव्हती. तो आठ महिने त्याच दारावर उभा होता. "ताई, मला माहीत असतं तर मी काकांना स्वतः पहिल्या मजल्यावर पाठवलं असतं," असे तो म्हणाला, आणि माझा त्याच्यावर विश्वास बसला. त्या संध्याकाळी आम्ही दोघे एकमेकांशी ज्या नियमावरून भांडलो तो पूर्ण नियम आमच्यापैकी एकाच्याही हाती नव्हता. तो ज्यांच्या हाती होता ते सहा वाजता घरी गेले होते.

या दारावर याहून वेगळे वागणे शक्य आहे, हेही मी त्याच इमारतीत पाहिले. तिसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभागाच्या दाराशी दिवसपाळीला एक महिला रक्षक असते. ती कुणालाही नुसते "नाही" म्हणत नाही. "आत्ता आत ड्रेसिंग चालू आहे, पडदे ओढलेत, वीस मिनिटं लागतील, तुमचं नाव लिहून ठेवते, जागेवर बसा, मी हाक मारते," असे सांगते आणि खरोखर हाक मारते. एकदा एका तरुणाने तिला विचारले की एका वेळी एकच माणूस हा नियम कुठे लिहिला आहे ते दाखवा. विचारण्याची त्याची पद्धत सभ्य होती आणि प्रश्न रास्त होता. ती चिडली नाही; सिस्टरच्या टेबलावरचा प्लास्टिकमध्ये घातलेला कागद आणून तिने त्याच्या हातात दिला, त्याने तो वाचला, परत दिला आणि बाकावर जाऊन बसला. पुढे मी तिला विचारले की हे तुम्हाला कुणी शिकवले. ती म्हणाली की विभागाच्या मुख्य सिस्टरनी पहिल्याच आठवड्यात तिला आत नेऊन रुग्णांच्या नळ्या दाखवल्या होत्या आणि बाहेरची माणसे आत का नकोत ते समजावले होते. खालच्या दारावरच्या रक्षकाला असे अर्ध्या तासाचेही कुणी सांगितले नव्हते.

खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे आणि त्याखालच्या आदर्श नियमांत रक्षकाच्या प्रशिक्षणासाठी १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचे ठरवून दिलेले आहेत. लोकांशी वागणूक, गर्दीचे नियंत्रण, ओळखपत्र तपासणे हे सगळे त्या अभ्यासक्रमात आहे. पण त्या १६० तासांत ज्या दारावर तो उभा राहणार आहे त्या दाराचे नियम कुणी शिकवू शकत नाही. ते ज्या संस्थेचे दार आहे तिनेच शिकवायचे असतात. रुग्णालय म्हणते की रक्षक ठेकेदाराचे आहेत, ठेकेदार म्हणतो की सूचना रुग्णालयाच्या आहेत, आणि या दोन वाक्यांच्या मधे सकाळी आठ ते रात्री आठ तो माणूस उभा असतो. रिलिव्हर, म्हणजे पाळी बदलायला येणारा रक्षक, आला नाही तर रात्रीही तोच. पूर्वी तिथे खुर्ची होती. रक्षक बसून असतात अशी कुणीतरी तक्रार केली म्हणून ती काढली, असे त्याने सांगितले. तक्रार झाली की चौकशी होत नाही, पॉइंट बदलतात, म्हणजे उद्यापासून दुसऱ्याच इमारतीवर पाठवतात, हेही त्याच्याकडूनच कळले. तेव्हा निळ्या फितीच्या माणसांना अडवण्याची हिंमत त्याने कुणाच्या जोरावर करायची होती?

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. रुग्णालयांतल्या हिंसाचाराला आळा घालण्यासाठी राज्याने २०१० मध्ये केलेल्या कायद्यात असा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्यात संरक्षण मिळणाऱ्या व्यक्तींची जी यादी आहे तिच्यात डॉक्टर, परिचारिका, वैद्यकीय आणि परिचर्या शाखेचे विद्यार्थी आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांचा उल्लेख आहे. दारावरच्या रक्षकाचा नावानिशी उल्लेख नाही. जमाव आला तर पहिली थप्पड त्याच्याच गालावर पडते.

प्रश्न विचारणाऱ्यांविषयीही लिहायला हवे, कारण मी त्यांच्यातलीच आहे. बारा दिवसांत मी दारावर ओरडणारी माणसे पाहिली, नगरसेवकाला फोन लावून तो रक्षकाच्या कानाला लावणारी पाहिली आणि पासामागे पन्नासची नोट दुमडून देणारीही पाहिली. त्या नोटेला माझ्यासमोर तरी त्याने हात लावला नाही. तरीही कुणीच काही विचारू नये, असे मी म्हणणार नाही. सिस्टरच्या टेबलावरचा कागद मागणाऱ्या त्या तरुणामुळे बाकावरच्या आणखी पाच जणांना नियम कळला. २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनी महाराष्ट्रात रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे आणि या रुग्णालयातही ती स्वागतकक्षात चौकटीत लावलेली आहे. भेटीच्या नियमांचा तो चार पानी कागद तिच्याशेजारी लावायला एका खिळ्याहून जास्त काही लागणार नाही. मी संपर्क कार्यालयाला लेखी अर्जात तीन गोष्टी कळवल्या: बाहेरगावच्या पासाची सूचना फलकावर लिहा, संध्याकाळी सहानंतर इंटरकॉम उचलणारा एक माणूस नेमा, आणि निळ्या फितीचा नियम काय आहे तोही सगळ्यांना वाचता येईल असा लावा. तिथल्या अधिकारी बाईंनी अर्ज वाचून पहिल्या दोन गोष्टी मान्य केल्या. तिसऱ्याबद्दल "व्यवस्थापनाला कळवते" एवढेच त्या म्हणाल्या.

घरी जाण्याच्या दिवशी मी खालच्या रक्षकाची माफी मागितली. तो संकोचला आणि दोन्ही पास मोजून घेत अनामतीची पावती माझ्याकडे सरकवत म्हणाला, "रोजचंच आहे ताई, तुम्ही निदान परत येऊन बोललात." वैद्यकीय सेवेला मी पाच गुण देते, दारावरच्या माणसांना चार आणि त्यांना तिथे ज्या तऱ्हेने उभे केले आहे त्या व्यवस्थेला दोन. इथे कुणाला दाखल करायची वेळ आली तर पहिल्याच दिवशी पहिल्या मजल्यावर जाऊन तो चार पानी कागद मागून घ्या, आणि गावाहून येणाऱ्यांना ओळखपत्र सोबत ठेवायला सांगा.

गेल्या गुरुवारी वडिलांना तपासणीसाठी घेऊन गेले होते. फलक अजून बदललेला नाही. रक्षक मात्र तोच होता, आणि त्याच्या नोंदवहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला बॉलपेनने गिरवून गिरवून लिहिले होते: "बाहेरगाव - पहिला मजला - आठपर्यंत."