झटका मशीनचे दोन हंगाम आणि दीड फुटाची सळई

एप्रिलच्या शेवटी, झटका मशीनचं कुंपण (तारेत क्षणाक्षणाला वीज सोडून जनावर पळवणारं) असूनही, भुईमुगात रानडुकरं शिरली आणि कंपनीच्या मेकॅनिकनं "मशीनचं कार्ड गेलंय, 3,200 होतील" असं सांगितलं, तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. कार्ड, म्हणजे मशीनच्या आतला सर्किट बोर्ड, गेलेलं नव्हतं. मशीन तेव्हाही ठणठणीत होतं, आजही आहे. घोळ होता तो अर्थिंगचा, म्हणजे मशीनच्या जमिनीशी असलेल्या जोडणीचा, आणि ते कंपनीनं मुळात धड दिलेलंच नव्हतं.

मशीन नेहमीचंच: बारा व्होल्टची बॅटरी, 40 वॉटचं पॅनल, सायरनवालं. मोशीला डिसेंबरात कृषी प्रदर्शन भरतं तिथून घेतलं, पॅनल-बॅटरीसकट 11,500 ला. तार, अँगल, इन्सुलेटर वेगळे. शेत भोर तालुक्यात. वरच्या अंगाला मुरमाड तुकडा, तिथं उन्हाळी भुईमूग. खाली ओढ्याला लागून भाताची खाचरं, तिथं इंद्रायणी. आम्ही राहायला पुण्यात सिंहगड रोडला, शेतावर जाणं शनिवार-रविवारी. एरवी शेजारच्या बांधावरचे तात्या लक्ष ठेवतात.

त्याआधी जे सगळे करतात ते आम्हीही केलं. सोसायटीतून जुन्या साड्या गोळा करून कडेनं बांधल्या, न्हाव्याकडून केस आणून टाकले, फटाके झाले, डबे वाजवून झाले. प्रत्येक उपाय आठ-पंधरा दिवस चालतो, मग डुकरांना तो पाठ होतो. साडी वाटेत असली तर ती खालून नाकाडानं उचलतात आणि आत येतात.

जानेवारीत मशीन लावलं. तारा दोन, पहिली जमिनीपासून नऊ इंचांवर, दुसरी दीड फुटावर. डुक्कर सहसा उडी मारत नाही, खाली नाक घालून उकरत येतं, म्हणून खालची तार महत्त्वाची. झटका बसायला हवा तो नाकाला. नाक ओलं असतं, बाकी अंगावर राठ केस. पाठीला किंवा मानेला तार लागली तर केसांमुळे झटका नीट लागत नाही, आणि लागलाच तर ते मागं फिरण्याऐवजी पुढं मुसंडी मारतं. पेरणीनंतर पाणी चालू होतं, जमीन ओली होती, त्यामुळे पहिले दोन महिने अप्रतिम गेले. तात्यांनी टॉर्चच्या उजेडात एक मोठा एकुलगा (कळपाबाहेर एकटा फिरणारा) डुक्कर तारेला नाक लावताना बघितला. तो असा किंचाळला म्हणे की पलीकडच्या वाडीतली कुत्री उठली. नंतर त्या बाजूला माग दिसला नाही.

मार्चनंतर वरचा तुकडा तापला. भुईमुगाला आम्ही पाणी देत होतो, पण कडेचा पट्टा, जिथं तार आहे, तो कोरडाठाक. एका रविवारी गेलो तर आतल्या सहा-सात ओळी नांगरल्यासारख्या उलट्या पडलेल्या. शेंगा खाऊन वेल तिथंच टाकलेले. तार तुटलेली नव्हती, मशीनचा दिवा लुकलुकत होता, टक-टक आवाज येत होता. खालच्या तारेला डुकराचे काळे राठ केस अडकलेले होते, चांगला चिमूटभर पुंजका. म्हणजे डुकरं तारेला घासून आत गेली होती आणि त्यांना काहीही झालं नव्हतं.

कंपनीला फोन केला. त्यांचा माणूस आला (येण्याचे 500 वेगळे). त्यानं टेस्टरचा खिळा त्या कोरड्या मुरमात कसाबसा टेकवला, दुसरं टोक तारेला लावलं, आकडा आला दोन हजार व्होल्टच्या आसपास. लगेच निदान: कार्ड गेलं. मी म्हटलं, साहेब, तार सोडवा आणि मशीनच्या दोन टर्मिनलवर मोजा. ते करायला तो तयारच होईना. शेवटी मीच तार सोडवली, मोजलं, तर आकडा आला 9.2, म्हणजे नऊ हजारांच्या वर. मशीन नऊ हजार देतंय, तर कार्ड गेलं कसं? त्यावर त्याचं उत्तर, "लोडवर पडतंय, कार्डच आहे, मशीन खोलून पाठवा, कुरिअर तुमच्याकडं." मी पाठवलं नाही. पुढे फोनवर ऑफिसशी जी बोलाचाली झाली ती इथं लिहीत नाही, पण बॉक्समधली अर्थिंगची सळई किती लांबीची असायला हवी, एवढ्या साध्या प्रश्नाला तिथं एकालाही उत्तर देता आलं नाही.

आता त्या सळईबद्दल. बॉक्समध्ये दीड फुटाची, बोटाएवढ्या जाडीची एक सळई येते. एकच. पत्रकात लिहिलंय "जमिनीत ठोका". एवढंच. साडेअकरा हजारांच्या मालात सगळ्यात स्वस्त वस्तू तीच, आणि सगळं मशीन तिच्यावर उभं आहे. कारण झटक्याला जायला-यायला वाट लागते. मशीनचं एक टोक तारेला, दुसरं जमिनीला. जनावर तारेला लागलं की करंट त्याच्या अंगातून खुरांवाटे जमिनीत उतरतो आणि जमिनीतून परत सळईपर्यंत यावा लागतो. सळई कोरड्या मुरमात असेल तर परतीची वाट बंद. मग मशीन नऊ हजारांचं असो नाहीतर बारा हजारांचं, जनावराला नुसत्या मुंग्या येतात. मेकॅनिकचा आकडा कमी आला तोही याचमुळे. त्याचा खिळाही त्याच कोरड्या जमिनीत होता.

हे तपासायची एक खात्रीची रीत आहे, ती प्रत्येकानं एकदा करावी. मशीनपासून निदान शंभर मीटर लांब जायचं. मशीन बंद असताना तारेला दोन-तीन लोखंडी पहारी टेकवून जमिनीत रोवायच्या, म्हणजे करंट मुद्दाम जमिनीत जाईल. मग मशीन चालू करायचं, पहारींना हात लावायचा नाही. त्या जागी तारेचा आकडा दोन हजारांच्या खाली आला पाहिजे. मग मशीनकडे येऊन अर्थिंगच्या सळईवर टेस्टर लावायचा, त्याचा खिळा वायर पोचेल तेवढा लांब रोवायचा. सळईवर दोनशे-तीनशे व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. माझ्याकडे दिसले 2,800. कोरडा कडेचा पट्टा आणि बिनकामाची सळई, दोन्ही एकदम उघडे पडले. टेस्टर मात्र कुंपणाचाच वापरा, पुण्यात तापकीर गल्लीत मिळतो. नेहमीचा मल्टिमीटर लावाल तर तो जळेल.

दुरुस्ती फुकटात झाली असं म्हटलं तरी चालेल. घरची जुनी जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पाइपलाइन काढून सीपीव्हीसीची, म्हणजे प्लॅस्टिकची, केली होती, ते पाइप भंगारात न देता ठेवले होते. त्यातले सहा-सहा फुटांचे तीन तुकडे केले. मशीनपासून खाली ओढ्याकडे, जिथं मे महिन्यातही खणलं की ओल लागते, तिथं दहा-दहा फुटांवर ठोकले. क्लॅम्पची जागा कानशीनं घासून चकचकीत केली, गंजावर क्लॅम्प आवळून उपयोग नाही. तिन्ही एकाच सलग तारेनं जोडून ती तार मशीनपर्यंत आणली. खर्च क्लॅम्पचा आणि तारेचा. घराच्या किंवा मीटरच्या अर्थिंगला हे जोडायचं नाही, त्यापासून निदान दहा मीटर लांब ठेवायचं. पुन्हा तीच चाचणी घेतली, आकडा 200. वरच्या मुरमाड बाजूला मात्र कितीही चांगली अर्थिंग दिली तरी डुकराच्या खुराखालची जमीन कोरडीच राहणार. म्हणून तिथं दोन तारांच्या मधे तिसरी तार ओढली आणि ती थेट अर्थिंगला जोडली. नाक खालच्या तारेला आणि कपाळ मधल्या तारेला लागलं की जमिनीची गरजच उरत नाही.

उरलेला भुईमूग वाचला. काढणीपर्यंत एकदाही आत माग दिसला नाही.

इथवरचं मी जूनमध्ये लिहून ठेवलं होतं, आणि त्यात सायरन बिनकामाचा आहे असं ठासून म्हटलं होतं. पानाला तार लागली तरी वाजायचा, तात्यांची झोपमोड व्हायची, त्यांनी तो बंदच करून टाकला होता. ते मत आता बदललंय. ऑगस्टमधल्या वाऱ्या-पावसात उंबराची फांदी पडून तार तुटली आणि सायरन वाजला. तात्या उठून गेले, रात्रीतच गाठ मारून आले. तो वाजला नसता तर शनिवारपर्यंत आम्हाला पत्ता लागला नसता. पानाला लागून वाजतो तेव्हा दोष सायरनचा नसतो, खालचं गवत वाढलेलं असतं. पावसाळ्यात अर्थिंगचा प्रश्न सुटतो आणि गवताचा सुरू होतो. ओलं गवत खालच्या तारेला टेकलं की तेवढा करंट गळतो, हजार-दोन हजार व्होल्ट असेच जातात. तारेखाली दोन हात पट्टा विळ्यानं साफ ठेवावाच लागतो, पावसात दर आठवड्याला. त्यासाठी तात्यांच्या घरच्यांना मजुरी देतो. हा खर्च विकणारा सांगत नाही, तो धरूनच हिशेब करा.

ढगाळ हवेत पॅनलचं काही खरं नाही. जुलैत बॅटरी दोनदा घरी आणून चार्ज केली. त्यापुढच्या मापाची बॅटरी आधीच घ्यावी असं वाटतं.

तात्यांची म्हैस एकदा तारेला लागली. ते तणतणत आले, त्यांचा राग रास्त होता. म्हशीला काही झालं नाही, धडपडत मागं सरली आणि अर्ध्या तासात चरायला लागली. पुढं ती त्या बांधाकडे फिरकली नाही. याचं कारण झटका क्षणाचा असतो, दोन झटक्यांत सेकंदापेक्षा जास्त वेळ जातो, तेवढ्यात जनावर सुटतं. आयईसी 60335-2-76 या आंतरराष्ट्रीय मानकात हेच बंधन आहे, घेताना पत्रकावर ते बघा. आणि म्हणूनच पोटतिडकीनं सांगतो, तारेत थेट लाइनचा करंट सोडू नका. तो 230 व्होल्ट सलग वाहतो, चिकटलेला माणूस सुटत नाही. रात्री पाणी धरायला गेलेले शेतकरी अशा तारांनी मेलेत, बिबटे मेलेत, गुन्हे दाखल झालेत. गावठी बॉम्बही तसेच, ते गाई-कुत्र्यांच्या तोंडात फुटतात. रानडुक्कर वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे. नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत वनखात्याच्या जवळच्या ऑफिसात अर्ज द्या, वेल-शेंगा तशाच राहू द्या, फोटो काढा. आम्ही एप्रिलमध्ये दिला, पंचनामा झाला.

वानरं आणि मोर यांच्यासाठी हे मशीन नाही. वानरं झाडावरून येतात. पेरलेले दाणे मोर टिपून खातात, तिथं पेरल्यावर दहा दिवस माणूस बसवणं हाच उपाय. साळिंदराचा मात्र त्रास थांबला, खालची तार नऊ इंचांऐवजी सहावर आणल्यावर.

भात आता चिकात आहे (दाण्यात दूध भरतंय), डुकरांची हीच वेळ. ओढ्यापलीकडे दुसऱ्यांच्या खाचरात लोळून गेलेत, आमच्या तारेच्या बाहेर खुरांचे माग आहेत, आत नाहीत. मशीन मी पुन्हा घेईन, हेच घेईन. सर्व्हिसला मात्र एकही पैसा देणार नाही. वॉरंटी डिसेंबरात संपते. सायरनचा स्विच सैल झालाय, तो त्याआधी बदलून हवाय, कुरिअर त्यांच्या खर्चानं, आणि मेकॅनिकच्या फेरीचे 500 परत. तिन्ही गोष्टी लेखी मागितल्यात. बॉक्समध्ये सहा फुटांचे तीन रॉड देत जा, हेही त्याच पत्रात लिहिलंय.