सातारा, उसाचा हंगाम आणि सेकंड हँड केमन एस : चौदा महिन्यांचा अनुभव

गाडी पोर्शे केमन एस, २०१४ चं मॉडेल, ३.४ लिटर पेट्रोल, पीडीके (पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स. घेतली तेव्हा मीटरवर ३१,२०० किलोमीटर होते, आज ४०,६०० आहेत. निम्म्याहून जास्त पुणे-सातारा हायवेवर झाले, बाकी कराड, वाई, पाचगणी आणि यवतेश्वरच्या घाटात. माझं एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, सीएनसीवर जॉब वर्क करतो. वीस वर्षं या गाडीचं वेड होतं. कर्ज न काढता घेता येईल अशी वेळ आली तेव्हाच घेतली.

पहिल्या दिवशी गाडी दारात उभी केली आणि आबांनी पुढचं बॉनेट उघडायला लावलं. आत सामान ठेवायची खोल डिकी. "अरे, इंजिन कुठाय?" मागचं दार उघडलं, तिथंही डिकीच. इंजिन सीटच्या पाठीमागे, दोन्ही डिक्यांच्या मध्ये, झाकलेलं. आबांनी आयुष्यभर ट्रॅक्टर आणि जीप स्वतः खोलून दुरुस्त केली. ते म्हणाले, "मग बिघडलं तर बघायचं कसं?" चौदा महिने मी याच प्रश्नाचं उत्तर शोधतोय आणि हा सगळा रिव्ह्यू त्याबद्दलच आहे. ही गाडी बिघाड लपवून ठेवते, त्यामुळे तिच्याकडे मुद्दाम वाकून, झाकण काढून बघायची सवय लावून घ्यावी लागते.

घेण्याआधी तीन गाड्या बघितल्या. पहिली चकचकीत होती, मीटरवर फक्त १८,०००. डीलरचा आग्रह होता की आजच टोकन द्या. मी पुण्यातल्या एका जाणकार मेकॅनिकला सोबत नेलं होतं. त्याने डायग्नोस्टिक मशीन लावून इंजिन कंट्रोल युनिटमधले एकूण तास काढले. इंजिन किती तास चाललं ते या युनिटमध्ये मीटरपासून वेगळं नोंदलेलं असतं. तास निघाले १,५०० च्या वर. भागाकार करा : ताशी बारा किलोमीटरही सरासरी येत नाही. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये रोज अडकणाऱ्या गाडीचीसुद्धा सरासरी याच्यापेक्षा बरी असते. एक तर मीटर मागे घेतलेलं, नाहीतर गाडी तासन् तास एसी लावून उभी ठेवलेली. दोन्हींत आपला तोटाच. मी घेतली त्या गाडीचे ३१,२०० किलोमीटरला १,१९० तास होते, म्हणजे ताशी सव्वीस. हे जुळतं. त्याच रिपोर्टमध्ये इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलं तेही दिसतं. हा रिपोर्ट काढू द्यायला विक्रेता नाही म्हणाला तर उठून यावं, गाडी कितीही आवडलेली असो.

दुसरी गाडी दिल्लीची होती, दहा लाखांनी स्वस्त. पण बाहेरच्या राज्यातली गाडी इथे आणली की महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो, आणि आयात गाडीवर तो मोठा असतो. दिल्लीत जुन्या गाड्यांवर वयाच्या बंदीची टांगती तलवार असते म्हणून तिथे त्या स्वस्त मिळतात, हे लक्षात घेऊन गणित करा. मी एमएच ०२ पासिंगची घेतली. अंधेरी आरटीओची एनओसी, साताऱ्यात ट्रान्सफर, टॅक्स पुन्हा नाही. इन्शुरन्सही चौदा दिवसांत नावावर करून घ्या, ते राहून जातं.

मॉडेलबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. २००९ च्या आधीच्या केमनच्या, आणि तिचीच उघड्या टपाची बहीण असलेल्या बॉक्स्टरच्या, इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग असतं. ते फुटलं तर अख्खं इंजिन जातं. २००९ पासूनच्या इंजिनात तो शाफ्टच नाही. पाच-सात लाख वाचतात म्हणून जुनी घ्यायचा मोह मलाही झाला होता. नाही घेतली, बरं केलं.

आता चालवण्याबद्दल. ३२५ हॉर्सपॉवर, ७,४०० आरपीएमला. आकडा आज फार मोठा वाटत नाही, पण टर्बो नाही, त्यामुळे पाय जेवढा दाबाल तेवढंच आणि तेव्हाच मिळतं. पहाटे साडेपाचला यवतेश्वरच्या घाटात गेलात की इंजिन मध्ये असण्याचा अर्थ कळतो. वळणावर गाडीचं नाक जड वाटत नाही, स्टिअरिंग फिरवताक्षणी पुढची चाकं तिकडे जातात आणि मागची बाजू मुकाट्याने पाठोपाठ येते. साडेचार हजाराच्या पुढे कानामागे जो आवाज उठतो त्यासाठी मी स्टिरिओ बंद ठेवतो. कासच्या फुलांच्या हंगामात मात्र तिकडे नेत नाही. रस्त्यावर माणसं असतात, आणि ही गाडी माणसांच्या गर्दीत नेण्यासारखी नाही.

खाली घासण्याची सगळ्यांना भीती असते. खरं सांगतो, मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी घासते. पोवई नाक्यावर भुयारी रस्ता झाल्यापासून शहरातून जाणंही सोपं झालंय. त्रास खेड्यातल्या उंच, अरुंद स्पीडब्रेकरचा. तिथे तिरकी घेऊन एकेक चाक चढवतो, मागच्याला हात दाखवून थांबवतो. लोक थांबतात, उलट काच खाली करून "सावकाश घ्या, घासंल" म्हणतात.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते रेडिएटरने. केमनचं इंजिन मागे असलं तरी रेडिएटर पुढे आहेत, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, आणि त्यांच्या पुढ्यात एसीचे कंडेन्सर, म्हणजे एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळ्या. बंपरची तोंडं उघडी असतात. हवेबरोबर जे येईल ते आत जातं आणि आतच राहतं. परदेशी मालक झाडांच्या पानांबद्दल लिहितात. आमच्याकडे नोव्हेंबरपासून कारखान्यांचं गाळप सुरू होतं, आणि उंब्रज-कराड पट्ट्यात उसाच्या ट्रॉलीच्या मागे गेलात की रस्त्यावर पाचट उडत असतं. जानेवारीत एक दिवस लक्षात आलं की हळू ट्रॅफिकमध्ये एसी गार होत नाही आणि पुढचे पंखे सारखे जोरात फिरतायत. हायवेला लागलं की सगळं ठीक. गॅस कमी असेल म्हणून एका दुकानात गॅस भरला, फरक शून्य. तो खर्च वायाच गेला.

मग पुण्यात बंपर उतरवला. दीड तासाचं काम आहे. डाव्या बाजूच्या कंडेन्सरवर बोटभर जाड थर होता : पाचट, वाढ्याचे तुकडे, बारीक खडी, पिंपळाची दोन पानं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा. थराखाली दव आणि धूळ मिळून चिखल झालेला, तो ओलाच राहत होता आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या पांढऱ्या पडून बोटाने दाबल्या की भुगा होत होता. तो कंडेन्सर बदलावाच लागला. उजव्या बाजूचा वाचला. कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर साफ केला. प्रेशर वॉशर मारू नका, पट्ट्या आडव्या होतात. त्यानंतर मी स्वतःच्या शॉपमध्ये स्टेनलेस स्टीलची जाळी कापून बंपरच्या तोंडांमागे बसवली. भोकं फार बारीक ठेवली तर हवा अडते, म्हणून पाच मिलिमीटर. आता दर महिन्याला टॉर्च लावून बघतो. आबा पण बघतात, त्यांना हे काम आवडतं.

टायरचं असं की नक्षी भरपूर होती म्हणून मी निर्धास्त होतो. बाजूला बघितलं तर आकडा २३१६, म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. रबर दगडासारखं झालेलं. पावसाळ्याआधी चारही बदलले, पोर्शेने मान्य केलेले, एन खूण असलेले. पुढे २३५, मागे २६५ रुंदीचे, त्यामुळे पुढचे मागे फिरवता येत नाहीत. दीड लाखाच्या वर गेले. स्टेपनी नाही, पंक्चरचं द्रव्य आणि छोटा कंप्रेसर तेवढा असतो. टायरवाल्याकडे जॅक लावताना स्वतः उभे राहा. एका दुकानात पोराने जॅक भलत्याच जागी धरला होता, वेळेवर ओरडलो. मी आता रबराचे गट्टू डिकीतच ठेवतो.

जूनच्या पहिल्या पावसात इंजिन अडखळायला लागलं. स्पार्क प्लगना वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलना तडे गेले होते, उष्णतेने जातात. सहाही बदलल्या, सोबत स्पार्क प्लग. मागची चाकं काढून खालून हात घालायचं काम आहे, मजुरी त्याचीच जास्त. ऑइलची पट्टीही नाही. गाडी गरम करून सपाट जागी उभी करायची आणि पडद्यावर लेव्हल बघायची. ऑइल आणि कूलंट भरायची झाकणं मागच्या डिकीत आहेत.

जुलैमध्ये तीन आठवडे गावाला नव्हतो. आलो तर बॅटरी गतप्राण. बॅटरी पुढच्या डिकीत, आणि ती डिकी विजेवर उघडते. घाबरू नका : पाय ठेवायच्या जागेतल्या फ्यूज बॉक्समधून एक लाल टर्मिनल बाहेर ओढता येतं, त्याला दुसऱ्या बॅटरीचा प्लस आणि दाराच्या कडीला मायनस लावला की डिकी उघडते. आता उभी असली की चार्जर जोडलेला असतो.

पेट्रोल ९५ ऑक्टेनचं, पुण्यात गेलो की १०० चं. आमचा स्वतःचा ऊस कारखान्याला जातो, इथेनॉलचा पैसा आमच्या तालुक्यात येतो, त्यामुळे मिश्रणाला माझा विरोध नाही. पण ही गाडी वीस टक्के इथेनॉल गृहीत धरून बनलेली नाही, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. म्हणून टाकी भरून महिनाभर उभी ठेवत नाही, दर आठवड्याला पन्नास-साठ किलोमीटर तरी चालवतो. ॲव्हरेज शहरात सात, हायवेला अकरा.

खरेदी सोडून चौदा महिन्यांत टायर, कंडेन्सर, कॉइल, ब्रेक ऑइल, सर्व्हिस आणि इन्शुरन्स मिळून पाच लाखांच्या आसपास गेले. त्यातले टायर आणि कॉइल सारखे सारखे येणार नाहीत. तरी दर महिन्याला पंचवीस हजार वेगळ्या खात्यात टाकतो, लागोत न लागोत.

सध्या वॉटर पंपाजवळ कूलंटचा वाळलेला पांढरट डाग दिसतोय. गळती अजून नाही, लेव्हल तसूभरही उतरलेली नाही. डागाभोवती मार्करने रेघ मारून ठेवलीय. दर रविवारी गाडी पिटवर घेतो, आबा टॉर्च धरतात. डाग रेघेबाहेर गेला की पंप मागवायचा.