लेकीच्या कवितेसाठी कॉलेज शोधताना

यंदा लेक बारावी झाली. कविता लिहायला शिकायचंय, असं तिने सांगितलं तेव्हा घरात कुणी हसलं नाही, पण हे कुठे शिकवतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग पहिल्या पावसात आम्ही दोघी सावईवेऱ्याहून निघायचो आणि फोंड्याला बस बदलून कधी पणजी, कधी म्हापसा, कधी मडगाव गाठायचो.

फक्त काव्यलेखनाची पदवी देणारं कॉलेज आम्हाला गोव्यात सापडलं नाही. बी.ए.ला मराठी मुख्य विषय घ्यायचा आणि त्यात सर्जनशील लेखनाचा एखादा पेपर असला तर बघायचा, एवढंच हाती होतं. हरियाणातल्या अशोका विद्यापीठात हा विषय इंग्रजीतून पदवीला शिकवतात, पण तिथली फी लाखांत. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा इंग्रजीतल्या सर्जनशील लेखनाचा डिप्लोमा घरी राहून करता येतो. लेक मात्र मराठीत लिहिते, त्यामुळे दोन्ही बाजूला ठेवले.

पहिल्या कॉलेजचं नाव लिहीत नाही. माहितीपुस्तक सुरेख, 'सर्जनशील लेखन' हे शब्द मोठ्या टायपात. मी गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका मागितली. कवितेची व्याख्या देऊन तिचे घटक स्पष्ट करा, टिपा लिहा, असे प्रश्न होते. मी स्वतः असेच पेपर लिहून बी.ए. झाले, त्या अभ्यासाबद्दल माझी तक्रार नाही. पण "मुलांनी लिहिलेल्या कविता कोण वाचतं?" असं विचारलं, तर उत्तर आलं, "वार्षिक अंकासाठी मागवतो की." म्हणजे वर्षातून एकदा, तेही छापायच्या की नाही हे ठरवायला. लेकीने वही पिशवीतून बाहेरच काढली नाही.

दुसऱ्या कॉलेजात मराठीचे सर एकटेच विभागात बसले होते. त्यांनी गुण विचारले नाहीत, "काही आणलंयस का?" म्हणाले. तिने आजीवरची कविता दिली. शाळेत शिकलेल्या पादाकुलक वृत्तात लिहिलेली, ओळीला सोळा मात्रा. सर टेबलावर बोटाने ठेका धरून हळू वाचत होते.

पागोळ्यांच्या लयीत हलके
आजी उघडी पितळी डबा

इथे बोट थांबलं. त्यांनी पुन्हा मोजलं आणि 'डबा' या शब्दाभोवती पेन्सिलीने बारीक वर्तुळ काढलं. "इथे पंधराच भरतात. एक मात्रा तू मुद्दाम सोडलीस, की राहून गेली?"

लेक गप्प. मग म्हणाली, "राहून गेली, सर."

"राहिली तर राहू दे. पण आता तुला कळलंय, तेव्हा आठ दिवस दोन्ही तऱ्हेने म्हणून बघ. मला ती ओळ डब्यापाशी आपटते तेच आवडलं."

मी एवढी वर्षं हिच्या कविता 'छान आहे गं' म्हणत वाचल्या. असा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

त्यांच्याकडे दर आठवड्याला मुलं एकमेकांच्या कविता वाचतात आणि जिची कविता असेल तिने तेवढा वेळ बोलायचं नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६पासून लेखनाची कार्यशाळा चालते, तिथली ही रीत, असं सरांनीच सांगितलं. परीक्षेत याला गुण नाहीत, तरी मुलं थांबतात.

आणखी एक बाब गोव्यातल्या पालकांनी जरूर विचारावी. आम्ही घरात कोकणी बोलतो, वाचतो-लिहितो मराठी. लेकीच्या कवितेत कुळागर (माडा-पोफळींची बाग), पाट, तिनसांज हे शब्द सहज येतात. एका ठिकाणी तिला सांगण्यात आलं की असे शब्द काढून प्रमाण भाषेत लिही. मला ते फार लागलं. कवी बाकीबाब बोरकर ज्या बोरीचे, ती आमच्याच तालुक्यात आहे. त्यांनी मराठीतही लिहिलं आणि कोकणीतही. त्यांच्या नावाचं तौलनिक साहित्याचं अध्यासन ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात आहे. पुढे एम.ए.ला लेक तिथे जाईलही. आत्ता मात्र घरचे शब्द खोडायला लावणारं कॉलेज नको, एवढं आम्ही तिथल्या तिथे ठरवलं.

आम्ही दुसरं कॉलेज घेतलं. उणिवाही सांगते. मराठीच्या वर्गात मुलं कमी, म्हणून विभाग टिकेल का ही धास्ती तिथे सगळ्यांच्या बोलण्यात येते. घरून दोन बस लागतात. ग्रंथालयात कवितेची दोनच कपाटं, नवे संग्रह जवळजवळ नाहीतच.

त्यावर उपाय पणजीत सापडला. पाटोचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली सुरू झालेलं, आता मोठ्या नव्या इमारतीत आहे. कदंब बसस्टँडवरून चालत जाता येतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा लेक मराठी कवितांच्या कपाटापाशी जमिनीवरच बसली आणि मी दोनदा हाक मारूनही उठली नाही. आता शनिवारी तिला तिथे सोडते आणि मार्केटात जाऊन आठवड्याची खरेदी उरकते.