कोस्टारिकाचा फील्ड कोर्स: आठ महिन्यांनंतर काय उरलं

फेब्रुवारीत चार आठवडे कोस्टारिकात जंगल-परिसंस्थेचा फील्ड कोर्स केला. आल्या आल्या लिहायला बसले असते तर नुसते टूकन आणि स्लॉथच आले असते, म्हणून थांबले. आता ऑक्टोबर. मी परत देवगडजवळच्या आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर.

सगळ्यात कामाला आली ती पेन्सिल. सारापिकीच्या सखल जंगलात वर्षाला चार मीटरच्या आसपास पाऊस. पेनची शाई पहिल्याच दिवशी वहीभर पसरली. पानं कापून नेणाऱ्या मुंग्यांच्या वाटेशी उकिडवं बसायचं आणि पाच मिनिटांत किती तुकडे गेले ते मोजायचं. (त्या पानांवर मुंग्या बुरशीची शेती करतात, अख्खं वारूळ त्यावर पोसतं.) माझा आकडा जोडीदारिणीशी जुळायला चार दिवस लागले. वैताग आला, पण हात तिथेच बसला.

तीच पद्धत इथे आणली आणि फसले. तिथे एकही महिना खरा कोरडा नसतो, मोजणीचा चौकोन (त्याच्या आत जे असेल ते मोजायचं) कधीही टाका. आमच्या सड्यावर पीव्हीसी पाइपचा एक मीटरचा चौकोन जुलैत टाकला की गेंद, सीतेची आसवं अशी इवली फुलं, बोटभर पाणी. मे महिन्यात त्याच जागी तापलेला काळा कातळ. दहा दिवस खाडा झाला की एखादं फूल येऊन गेलेलं असतं. कोर्सच्या तक्त्यात महिन्याचा रकानाच नव्हता, तो मी घातला. शेजारची काकी दर वेळी विचारते, "काय मोजतंस गो कातळार?"

फी वसूल झाली ती एका व्याख्यानात. 1996 च्या वनकायद्यानंतर तिथे जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला सरकार पैसे देतं, त्यातला मोठा भाग इंधनावरच्या करातून. मी आपल्या देवरहाटीचं, देवाच्या राईचं सांगितलं, फुकट आणि देवाच्या धाकाने राखलेली. व्याख्याते "छान" म्हणाले आणि पुढची स्लाइड. सड्याचं मी तेव्हा बोललेच नाही. आमच्या सातबाऱ्यावर तो पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. पोटखराबा राखायचे पैसे कोण देतं?

तक्रारी आहेत. विमानाचं तिकीट फीपेक्षा जड. शाश्वततेवर तासभर बोलून झालं की प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं सँडविच हातात. सकाळचा भात आणि काळा घेवडा मात्र मालवणी पोटाला चांगला मानवला.

जाणार असाल तर गमबूट इथूनच न्या. तिथे सापांमुळे सक्तीचे होते, आणि तेच जोडे मी अजून वापरते. सड्यावर फुरशी काही कमी नाहीत.