रोजच्या ऑफिसला जुनी डिझेल गाडी: दमदार आहे, पण लाड करावे लागतात

मी रोज वापरते ती कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरना एकाच पाइपातून जास्त दाबाने डिझेल पुरवणारी) डिझेल हॅचबॅक, 2 लाख किलोमीटर कधीच पार केलेली. आधी तिचं कौतुक. 1800 आरपीएमच्या आसपास टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) जागा झाला की चढावर गिअर उतरवावाच लागत नाही. मायलेज अजूनही पेट्रोलवाल्यांना चिडवण्याइतकं आहे.

खरी कटकट थंडीतल्या सकाळी. ग्लो प्लगचा (थंड इंजिन आतून तापवणाऱ्या कांडीचा) पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मगच स्टार्टर मारायचा. 4 पैकी एक जरी प्लग गेला, तरी इंजिन सुरुवातीला लंगडतं, मागून पांढरा धूर निघतो आणि शेजारी मुद्दाम आवाज करून खिडकी लावतात. फ्युएल फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी वेळच्या वेळी स्क्रू सैल करून काढत जा. ते इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोचलं तर बिल बघून डोळे पांढरे होतात.

ऑफिस 4-5 किलोमीटरवर असेल तर ही गाडी घेऊच नका. इंजिन नीट तापायच्या आत तुम्ही पोचता, ईजीआर व्हॉल्व्हवर (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेवर) काजळी चढत जाते आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलाच तर त्यातली काजळी जळून तो साफ व्हायला वावच मिळत नाही. माझा अर्धा रस्ता हायवेचा, म्हणून निभतंय. ट्रॅफिकमध्ये मात्र जड क्लचने डावा पाय भरून येतो.

आणि अशी जुनी गाडी घेताना विकणाऱ्याकडे टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) बदलल्याचं बिल मागा. ‘आत्ताच बदललाय’ एवढंच ऐकायला मिळालं, तर गाडी घेतल्या घेतल्या नवा टाका.