वादळानंतर दारात येणारा पत्रेवाला

वळवाच्या वाऱ्यात घरावरचे पत्रे उडाले आणि दुसऱ्याच दिवशी कुणी दारात येऊन "आज इसार द्या, परवा बसवून देतो" म्हणाला, तर त्याच्याशी बोलायच्या आधी हे वाचा. आमच्या गल्लीत हे घडलंय. ज्यांचे पैसे गेले त्यातले बरेचजण लिहिणाऱ्यातले नाहीत, काहींची तर बोलायची भाषा तेलुगू. म्हणून मी लिहितोय. माझेही गेलेत.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. एका घरात माग चालतो, शेजारच्या घरात विड्या वळतात, मधे माझं झेरॉक्सचं दुकान. भिंती पक्क्या, वर पत्रा, अशीच बहुतेक घरं. एप्रिल-मेमध्ये सोलापूर ४३-४४ अंशांपर्यंत तापतं आणि एखाद्या दिवशी चार वाजले की आभाळ काळं होऊन येतं. गेल्या मे महिन्यात तसंच आलं. पाऊस नंतर, आधी वारं. ते किती वेळ होतं हे विचारलं तर प्रत्येकजण वेगळं सांगेल, पण अर्धा तास काही नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मागाच्या शेडचा एक पत्रा लाईटच्या खांबाला जाऊन असा गुंडाळला की कापून काढावा लागला. गल्लीची लाईट गेली. शेजारच्या अक्कांकडं कारखान्यातून आणलेली विडीची पानं होती, ती सगळी भिजली. भिजलेल्या पानांचं नुकसान कारखाना सोसत नाही, विडी वळणारीच्या अंगावर पडतं. मागावरचं टॉवेलचं सूत भिजून त्याचा लगदा झाला.

त्या रात्री गल्लीनं जे केलं ते सांगितल्याशिवाय पुढची फसवणूक कळणार नाही. ज्यांच्या घरावर स्लॅब होता त्यांनी लहान मुलं आणि म्हातारी माणसं आपल्याकडं झोपवली. गणपती मंडळाच्या पोरांनी वर्गणीतून ताडपत्र्या आणल्या. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी झाली: कुणाचं छप्पर पूर्ण गेलं, कुणाचे चार पत्रे गेले, कुणाला ताडपत्री मिळाली, कुणाला नाही. भात आणि आमटी एकाच मोठ्या पातेल्यात शिजली. कुणी कुणाला काही मागितलं नाही आणि कुणी हिशेब ठेवला नाही. या भरवशावरच त्या माणसानं आपला धंदा उभा केला.

चाळिशीचा असावा. पांढरा शर्ट, हातात मोजायचा टेप, सोबत वही घेतलेला एक पोरगा. मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही सफाईनं बोलायचा, समोरचा ज्या भाषेत सुरू करेल त्या भाषेत. गल्लीत शिरल्यावर त्यानं कुणाकडंच पैसे मागितले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी राहणारे अण्णा मंडळाचे जुने कार्यकर्ते, लग्नकार्यापासून भांडणापर्यंत सगळे त्यांनाच विचारतात. त्यांच्याकडं जाऊन म्हणाला, "अण्णा, तुमच्या घरापासून सुरू करतो. थोडे पैसे आत्ता द्या, बाकीचे सावकाश. तुमचं काम बघून लोक बोलावतील मला." भाव बाजारापेक्षा कमी. सकाळी टेम्पो आला, संध्याकाळी छप्पर तयार. निळे, जाड, चकचकीत पत्रे, प्रत्येक स्क्रूला रबराचा वायसर. अण्णांनी आनंदानं फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "काम एक नंबर."

तो फोटो त्याला हवा होता. त्या एका छपरावर त्याचे पैसे गेले असतील, पण ती त्याची जाहिरात होती, आणि तीसुद्धा अण्णांच्या तोंडून. आपण अनोळखी माणसाला पारखून घेतो, ओळखीच्या माणसाच्या शिफारशीला पारखत नाही. वादळानंतर तर नाहीच, कारण आदल्या रात्री त्याच ओळखीच्या माणसांनी आपल्याला छताखाली घेतलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी रांग लागली. निम्मी रक्कम आगाऊ. घाई त्यानं कुठं केली नाही, ती आपोआप होत होती. "माल पुण्याहून निघालाय, यात तुमचं नाव धरायचं का पुढच्या गाडीत?" एवढंच विचारायचा. मृग तोंडावर आलेला. वर ताडपत्री फडफडतीय, घरात तान्हं पोर. अशावेळी पुढची गाडी कोण म्हणेल?

मी दुकानात बसून त्याला विचारलं, "पक्कं बिल मिळेल का?"

"मिळेल की. पण त्यावर अठरा टक्के जीएसटी बसेल. तुम्हाला चालतंय, पण त्या अक्कांना कशाला भुर्दंड?"

बोलणं इतकं गोड की बिल मागणारा मीच अक्कांचा वैरी ठरलो. पावती दिली ती छापील पॅडवरची: वर दुकानाचं मोठं नाव, मोबाईल नंबर, आणि बस. पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही. पैसे घ्यायला क्यूआर कोड होता. स्कॅन केल्यावर पत्र्याच्या दुकानाचं नाव यायला हवं, तिथं एका मोबाईल दुकानाचं नाव यायचं. विचारलं तर "मेहुण्याचं खातं आहे, माझ्या खात्याची लिमिट संपली." हे उत्तर तुम्हाला कुणी दिलं तर फोन खिशात ठेवा.

पत्र्याच्या पैशांवर तो थांबला नाही. लोकांना म्हणाला, "तहसीलमध्ये माझा माणूस आहे. पंचनाम्यात तुमचं नाव घालतो. घरटी पन्नास हजार मिळतील, त्यातून माझी बाकी फेडा. आधार, पासबुक, लाईट बिलाची झेरॉक्स आणि फाईलचे पाचशे रुपये द्या." त्या दिवशी माझं मशीन गरम होईपर्यंत चाललं. गल्लीतल्या जवळपास प्रत्येक घराची कागदपत्रं माझ्या हाताखालून त्याच्या पोराच्या पिशवीत गेली.

आता खरी रक्कम काय असते ते सांगतो, कारण ती माहीत असती तर पन्नास हजार ऐकूनच लोक सावध झाले असते. २०२२ ते २०२६ साठी केंद्रानं आपत्ती मदतीचे जे निकष ठरवले, त्यात सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये होते. पक्क्या घराची अंशतः पडझड, तीही निदान १५ टक्के असेल तर, ६,५०० रुपये. कच्च्या घराला ४,०००. झोपडीला ८,०००, गोठ्याला ३,०००. राज्य सरकार कधी वेगळा निर्णय काढून यात फरक करतं, पण भिंती उभ्या असलेल्या घराचे पत्रे उडाले म्हणून सरसकट पन्नास हजार, असं काही नसतं. पंचनामा तलाठी करतो (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), शहरात महापालिकेची माणसंही सोबत असतात. त्याला फी नाही. मदत आली तर थेट बँक खात्यात येते. यादीत नाव घालायला कुणी पैसे मागितले, मग तो सरकारी माणूस असो की त्याचा "माणूस", तर लाचलुचपत विभागाचा १०६४ हा नंबर आहे.

ज्यांच्या मागाच्या शेडचा किंवा दुकानाचा विमा आहे त्यांच्यासाठी वेगळं. आगीच्या पॉलिसीत वादळ-पुराचं कलम घेतलंय का ते आधी बघा. सर्व्हेअर विमा कंपनी नेमते आणि त्याची फी कंपनी भरते. "सर्व्हेअरचे पैसे द्या" म्हणत कुणी दारात आला तर सरळ कंपनीला फोन लावा. आणि फाटलेले पत्रे फोटो काढल्याशिवाय भंगारात घालू नका. आमच्याकडं दोघांनी आधी भंगार विकलं, मग फोटो आठवले.

पुढं काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. एक टेम्पो आला. पाच-सहा घरांवर पत्रे चढले. बाकीच्यांना "दुसरी गाडी टेंभुर्णीपर्यंत आलीय" असं सांगितलं गेलं आणि त्या संध्याकाळपासून फोन बंद. ज्यांच्यावर पत्रे चढले ते नशीबवान वाटले, पहिला जोराचा वारा येईपर्यंत. वारा पत्र्याला कडेनं आणि कोपऱ्यातून उचलतो, म्हणून कडेला स्क्रू जवळजवळ मारावे लागतात. इथं उलट, कडेलाच वाचवले होते. पत्रा इतका पातळ की स्क्रू जागेवर राहिला आणि पत्रा त्याच्याभोवती फाटून उडाला. त्याचा तुकडा ओळखीच्या हार्डवेअरवाल्याकडं नेला. त्यानं गेज लावून बघितलं तर पाव मिलिमीटरच्या जरा वर. अण्णांचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा. नंतर शिडी लावून बघितलं: अण्णांच्या पत्र्याच्या खालच्या अंगाला कंपनीचं नाव आणि जाडी छापलेली, बाकीच्यांच्या पत्र्याची खालची बाजू कोरी. पत्रा टेम्पोतून उतरवतानाच उलटा करून बघा, एवढं एक केलं तरी बरंच कळतं.

माझ्या मावसभावाचा मुलगा अमेरिकेत कॅन्सस सिटीला नोकरी करतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसलाच. म्हणाला, "काका, हे तर इथलं आहे." त्याच्या राज्यात, मिसुरीत, जॉप्लिन नावाचं गाव आहे. २२ मे २०११ ला तिथं टोर्नेडो आला, सगळ्यात वरच्या श्रेणीचा, दीडशेहून जास्त माणसं गेली, मोठं रुग्णालय निकामी झालं. आपल्याकडच्या वाऱ्याशी त्याची तुलनाच नाही. घराचा पायाच तेवढा उरतो म्हणे. पण नंतरची गोष्ट तीच. एकीकडं देशभरातून लोक पदरमोड करून मदतीला येतात, ढिगारे उपसतात, जेवण शिजवतात, आणि त्याच गर्दीत परगावच्या नंबरप्लेटच्या गाड्यांतून छप्परवाले येतात, दारोदार फिरतात, आगाऊ रक्कम घेतात आणि पुढच्या वादळाच्या गावाला निघून जातात. तिथली 'फेमा' ही केंद्रीय आपत्ती संस्था दरवेळी लोकांना सांगते की आमच्या अर्जाला किंवा पाहणीला पैसे लागत नाहीत, पाहणीला येणाऱ्याचं ओळखपत्र बघा. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर तर अशा फसवणुकींसाठी तिथल्या न्याय खात्यानं वेगळं राष्ट्रीय केंद्रच काढलं. एवढा श्रीमंत देश, आणि तिथंही पत्रेवाला आहेच. मला त्या दिवशी जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पोलिसांकडं गेलो तेव्हा आधी ऐकायला मिळालं की हा देण्याघेण्याचा वाद आहे, कोर्टात जा. एकेकटे गेलो तर हेच ऐकायला मिळतं. मग सगळ्यांनी मिळून एक लेखी अर्ज दिला: प्रत्येकाचं नाव, तारीख, रक्कम, पावतीची झेरॉक्स, यूपीआयचा स्क्रीनशॉट, त्याच्या गाडीचा एका पोरानं सहज काढलेला फोटो. सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता हे एकाच नमुन्याच्या इतक्या पावत्या एकत्र ठेवल्यावर दिसतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) यासाठी आहे, जुनं ४२० तेच. तक्रार घेतली गेली. तपास चालू आहे. रोख दिलेल्यांचे पैसे यायची आशा मला कमी वाटते. ज्या एका पोरानं पैसे पाठवले त्याच संध्याकाळी शंका येऊन १९३० ला, म्हणजे ऑनलाईन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावला, त्याची रक्कम मात्र समोरच्या खात्यात अडकवून ठेवली गेली.

आणि कागदपत्रांचं शेपूट अजून वळवळतंय. काही आठवड्यांनी गल्लीतल्या बऱ्याच जणांना मेसेज आला, नावासकट, बँकेच्या नावासकट: "आपले नाव नुकसान भरपाई यादीत आहे, यादी पाहण्यासाठी फाईल उघडा." फाईल एपीके होती, म्हणजे यादी नव्हे, मोबाईलमध्ये शिरणारं ॲप. माग चालवणाऱ्या एकानं उघडली आणि त्याच्या खात्यातून पगार गेला. त्याच माणसाचं हे काम की त्यानं कागद पुढं विकले, मला सांगता येणार नाही. पण तुमची कागदपत्रं अशा कुणाच्या हाती गेली असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्या, मोबाईलवरून होतं. पुढं कुणालाही झेरॉक्स देताना तिच्यावर पेनानं आडवं लिहा की कशासाठी, कुणाला, कुठल्या तारखेला दिली. मी आता दुकानात पेन दोरीला बांधून ठेवलाय. काहीजण चिडतात, "तुला काय करायचंय" म्हणतात.

पैशांपेक्षा वाईट झालं ते अण्णांचं. त्यांच्यावर कुणी थेट आरोप केला नाही, पण "अण्णांचं छप्पर फुकटात झालं" हे वाक्य फिरायला लागलं. कुणी म्हणालं त्यांना कमिशन होतं. नव्हतं, हे मी त्यांचं पासबुक बघून सांगतो. तेच घेऊन आले होते माझ्याकडं. कट्ट्यावर बसायचं त्यांनी बंद केलं. ज्या ग्रुपवर ताडपत्र्यांची यादी झाली होती, तिथं एका रात्री दोन घरांत अशी जुंपली की ॲडमिननं ग्रुपच बंद केला.

मग अण्णांनीच मंडळाची बैठक बोलावली. पत्रेवाला त्यांना बाकीचे सावकाश द्या म्हणाला होता, ते त्यांनी दिलेच नव्हते. निम्म्याहून जास्त रक्कम, ती त्यांनी टेबलावर ठेवली. "हे त्याचे, म्हणजे तुमचे," म्हणाले. कुणी म्हणालं ज्यांचं जास्त गेलं त्यांना द्या, कुणी म्हणालं सगळ्यांना सारखे वाटा, शेजारच्या अक्का म्हणाल्या ते पत्रे अण्णांच्या घरावर आहेत, पैसेही त्यांचेच. भांडण झालं नाही एवढंच. शेवटी रक्कम खजिनदाराकडं ठेवलीय आणि तशी नोंद तपास अधिकाऱ्याला लेखी दिलीय. त्यांनी मागितली तर जमा करायची, नाही तर गणपतीच्या आधी पुन्हा बसायचं.